सही गव्हर्नरची, आरास काकांची

'माणूस गेला की त्याचं कामच उरतं, तीच त्याची ओळख' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. नाशिकरोडला या. करन्सी नोट प्रेस तिथे १९२८ पासून आहे. आमच्या शेजारचे काका तिथूनच रिटायर झाले. देशभरातल्या खिशांत त्यांचं काम फिरलं, पण नोटेवर सही गव्हर्नरची! प्रेसमधलं घरीही बोलायचं नाही, ही सवय अजून सुटलेली नाही. कॉलनीत त्यांना ओळखतात ते गणपतीच्या आराशीमुळे. आता यातलं 'काम' कुठलं धरायचं?

दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून मीच देतो. जन्म त्र्यंबकेश्वरचा. फोटोग्राफी झाली, छपाई झाली, जादूचे प्रयोगही झाले. चित्रपट आला १९१३ मध्ये, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर. १९४४ ला ते नाशिकातच गेले आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ ला. मधली पंचवीस वर्षं काम तेच होतं, माणूसही तोच. बदललं ते आठवण ठेवणाऱ्यांचं मन.

बाकी, पेन्शनीत निघाल्यावर व्हिजिटिंग कार्डावर 'माजी' छापून घेणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. आमच्या घरातच एक आहेत.