शिक्षकांनी वर्षअखेरीस मुलांना भेटवस्तू द्यावी का?

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग सांभाळते. गेली सहा वर्षे १ मे रोजी ध्वजवंदन आणि निकाल उरकल्यावर मी वर्गातल्या प्रत्येक मुलाला स्वतःच्या खर्चाने काहीतरी लहानसे देत आले आहे. कधी कंपासपेटी, कधी रंगीत खडूंची पेटी, एका वर्षी तर पावसाळ्यात कुंपणाशी लावायला भोपळ्याच्या आणि दोडक्याच्या बिया दिल्या होत्या. पट बावीस-तेवीसचा असल्यामुळे खर्च हजार-बाराशेच्या पुढे जात नाही. या वर्षी मात्र शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी एका सहकाऱ्यांनी मला स्पष्टच सुनावले की मी चुकीचा पायंडा पाडते आहे, मुलांचे शिक्षकाशी असलेले नाते वस्तूंवर उभे राहता कामा नये आणि ज्यांना हा खर्च झेपत नाही अशा शिक्षकांची माझ्यामुळे कोंडी होते. बोलणे लागले, पण ते खोटे आहे असेही म्हणवेना. आपल्याला काय वाटते?

नवासेवक

बाई, तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु कोंडी होते हे मी स्वानुभवाने सांगतो. माझ्यासारख्या प्राथमिक शिक्षणसेवकाचे, म्हणजे मानधनावर नव्याने लागलेल्या शिक्षकाचे, मानधन जानेवारी २०२३ पासून ६,००० रुपयांवरून १६,००० रुपये झाले. त्यात घरापासून दूर खोलीचे भाडे, डबा आणि दर महिन्याला आईकडे पाठवायचे पैसे बसवावे लागतात. गेल्या वर्षी शेजारच्या तुकडीच्या सरांनी आपल्या मुलांना झाकणाच्या पाण्याच्या बाटल्या वाटल्या आणि मधल्या सुट्टीच्या आत माझ्या वर्गातली चार मुले टेबलाभोवती येऊन उभी राहिली. त्यांतल्या एकीने विचारले, "सर, आपल्याला कधी?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आपल्यालाही मिळणारच याची खात्री होती, आणि नेमके तेच मला अवघड गेले. मी त्यांना दुसऱ्या दिवशी चिक्की आणून दिली. पण बाटली आणि चिक्की यांतला फरक सात वर्षांच्या मुलांना कळत नाही असे कोणी समजू नये.

पुण्याचा पालक

खासगी शाळेतले चित्र याहून वेगळे आणि माझ्या मते अधिक वाईट आहे. आमच्याकडे वाढदिवसाच्या 'रिटर्न गिफ्ट'ची सवय मुलांच्या अंगवळणी पडलेली आहेच. त्यात वर्गशिक्षिकेने चकचकीत कागदात बांधलेली पिशवी दिली की पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच संध्याकाळी 'मॅडमसाठी काहीतरी करू या' असा निरोप फिरतो आणि घरटी वर्गणी ठरते. कोणी नाही म्हणत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच मॅडम धाकट्याला शिकवणार असतात. शासकीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत भेट स्वीकारण्यावर बंधने आहेत, देण्याबद्दल फारसे काही नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. पण दिलेली भेट परत फिरून येते, हे नियमात लिहिलेले नसले तरी व्यवहारात सगळ्यांना ठाऊक असते.

निवृत्त गुरुजी

एकतीस वर्षे मास्तरकी केली, त्यातली बरीचशी बीड जिल्ह्यात, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आमच्या भागातली निम्मी मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जात. हंगामी वसतिगृहे निघाल्यावर काही मुले मागे राहू लागली, तरी ज्यांच्याकडे धाकट्या भावंडाला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते ती जातच राहिली. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की ही मुले परत येत, काळवंडलेली, पाचटाने हातपाय कापलेली, आणि वर्गाच्या दारात अशी उभी राहत की जणू परक्या गावात आली आहेत. पहिली ते आठवी कोणाला मागे न ठेवण्याचे धोरण असल्याने कागदोपत्री ती पुढच्या वर्गात जात, पण आपण या वर्गातले आहोत असे त्यांना वाटावे यासाठी कागद उपयोगाचा नसे. मी निकालाच्या दिवशी प्रत्येकाला एकेक पातळ गोष्टीचे पुस्तक देत असे आणि पहिल्या पानावर त्या मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता आणि वर्ष शाईने लिहीत असे. सहा महिने गैरहजर असलेल्यालाही तेच, वर्गात पहिला आलेल्यालाही तेच. एका मुलाने स्वतःचे नाव तीनदा बोटाने गिरवले आणि मग विचारले, "हे परत द्यायचं नाही ना?" शाळेतली प्रत्येक वस्तू परत द्यायची असते असेच त्याला माहीत होते.

नवासेवक यांची अडचण खरी आहे, पण तिचे उत्तर भेट बंद करणे हे नव्हे, एका शाळेतल्या सर्व शिक्षकांनी आधी बसून काय द्यायचे ते एकच ठरवणे हे आहे. आम्ही तसे करत असू, आणि ज्याचा हात त्या वर्षी आखडता असेल त्याचा वाटा उरलेले बिनबोभाट भरत.

अनुबंध

गुरुजींचा प्रसंग हृद्य आहे, तरीही मी विरोधातच आहे, आणि माझा विरोध खर्चाचा नाही. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून पुढे बोर्डी-कोसबाडला आलेल्या ताराबाई मोडक यांनी महाराष्ट्रात जी बालशिक्षणाची परंपरा रुजवली, तिच्या मुळाशी मुलाला शिक्षाही नको आणि बक्षीसही नको हा माँटेसरींचा विचार आहे. मूल कामाच्या आनंदासाठी काम करते. बाहेरून काही मिळू लागले की तो आनंद पातळ होतो. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: चित्रे काढल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, त्यांनी पुढे मोकळ्या वेळात रंगीत पेनांना इतरांच्या मानाने निम्म्याच्या आसपासच वेळ दिला. आपण शाळेच्या शेवटच्या दिवसाला वस्तूची चव लावतो तेव्हा वर्षभराच्या शिकण्यावर असेच पाणी ओततो.

तिसरा बाक

अनुबंध, आपण त्याच प्रयोगाचा अर्धा भाग सांगितलात. त्यात मुलांचा आणखी एक गट होता, ज्याला प्रशस्तिपत्र मिळाले, पण ते मिळणार हे आधी ठाऊक नव्हते. त्या गटाची चित्रे काढण्याची आवड कमी झाली नाही. म्हणजे दोष वस्तूत नव्हता, 'हे केलेस तर ते देईन' या सौद्यात होता. खडूफळा बाई तर कशाच्याही बदल्यात काही देत नाहीत.

अनुबंध

दुरुस्ती मान्य, पण ती माझ्याच बाजूने जाते. बाई सहा वर्षे देत आहेत. चौथीतल्या मुलाने तिसरीत ते पाहिलेले आहे, त्याच्या थोरल्या बहिणीने घरी सांगितलेले आहे. आता ते अनपेक्षित कसे म्हणायचे?

तिसरा बाक

अपेक्षित आणि सशर्त यांत फरक करायला हवा. संक्रांतीला तिळगूळ मिळणार हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते, म्हणून ते गोड बोलण्याचे बक्षीस ठरत नाही. माझा आक्षेप असलाच तर तो दुसऱ्या ठिकाणी आहे. 'शंभर टक्के हजेरी', 'सुंदर अक्षर' अशी लेबले लावून हल्ली भेटी दिल्या जातात आणि उरलेल्यांच्या हाती एखादी पेन्सिल टेकवली जाते. गुरुजींच्या ऊसतोडीच्या मुलाला असल्या वाटपात कुठले लेबल मिळाले असते?

हिशेबनीस

सगळे मानसशास्त्रावर बोलत आहेत, म्हणून थोडे रुक्ष लिहितो. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या केंद्रीय नमुना नियमांत पाठ्यपुस्तके आणि गणवेश यांच्याबरोबर लेखनसाहित्याचाही उल्लेख आहे. प्रत्यक्षात पुस्तके येतात, गणवेश उशिरा का होईना येतो, वह्या आणि पेन्सिली मात्र बहुतेक पालकच घेतात. २०२३-२४ पासून बालभारतीच्या पुस्तकांतच कोरी पाने घालून वह्यांचा भार कमी करण्याचा प्रयोग झाला, तोही २०२५ मध्ये मागे घेतला गेला. या पार्श्वभूमीवर शिक्षिका स्वतःच्या पगारातून कंपासपेटी देते तेव्हा ती भेट देत नसते, व्यवस्थेतले भोक स्वतःच्या पैशांनी बुजवत असते, आणि भोक बुजले की ते कोणाला दिसत नाही. मागणी करायची तर शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून वर पाठवा.

खडूफळा

हिशेबनीस, ठराव आम्ही दोनदा केला आहे आणि तो कुठल्या फायलीत आहे हेही मला माहीत आहे. तोवर वर्गात बोटभर उरलेल्या पेन्सिलीने लिहिणाऱ्या मुलीला मी काय सांगू, आपण कृपया तेवढे सुचवावे. मात्र आपल्या लिहिण्यातली एक गोष्ट मला पटली: गरजेची वस्तू ही भेट असू नये. पेन्सिल लागली तर ती जूनमध्ये, ऑगस्टमध्ये, गरज पडेल तेव्हा आणि कोणाला कळू न देता द्यावी. तिला १ मे रोजी रंगीत कागदात बांधले की देणाऱ्याचा मोठेपणा होतो. कंपासपेटीच्या वर्षी मी मुलांचे छायाचित्र काढून समूहावर टाकले होते. ते आता आठवले की बरे वाटत नाही.

नवासेवक, आपल्याला मात्र एक विचारायचे आहे. शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांशी आधी बोलून सगळ्यांनी मिळून एकेक पुस्तक द्यायचे ठरवले, तर आपल्यासारख्यांना ते जड जाईल का?

नवासेवक

वीस-पंचवीस रुपयांपर्यंतचे पुस्तक असेल तर जाणार नाही. वाटा इतरांनी भरणे मात्र मला नको आहे, गुरुजींनी राग मानू नये. माझा पट एकोणीस आहे, तेवढे मी करीन. फक्त ते कोणी 'उपक्रम' म्हणून अहवालात घेऊ नये, कारण एकदा अहवालात गेले की पुढच्या वर्षी त्याचा तक्ता भरावा लागतो.

पुण्याचा पालक

आणि पालकांना आधीच कळवून टाका की परतफेड स्वीकारली जाणार नाही. ते शहरात जास्त गरजेचे आहे, पण गावातही सुगीला शेंगांची पिशवी येतेच.

खडूफळा

शेंगांची पिशवी मी घेते. ती नाकारली तर त्या घरी मला पुन्हा जाता येणार नाही, आणि मुलगा शाळेत आला नाही की मला जावेच लागते.

आता एक खरी अडचण सांगते. माझ्या चौथीतल्या दोन मुलांना अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत. सर्वांना एकच पुस्तक दिले तर ते दोघे घरी नुसती पाने उलटतील, आणि त्यांना वेगळे, सोपे पुस्तक दिले तर ते का दिले हे अख्ख्या वर्गाला क्षणात कळेल.

निवृत्त गुरुजी

सर्वांनाच चित्रे मोठी आणि मजकूर कमी असलेले द्या. हुशार मुले कुरकुर करतील, करू द्यावी. त्या दोघांना मे महिन्यात गावात असाल तेव्हा ओट्यावर बोलावून तेच पुस्तक दोनदा वाचून दाखवा. नाव मात्र शाईनेच लिहा. बॉलपेनचे लिहिलेले आमच्याकडे दोन पावसाळ्यांत फिके पडत असे, शाईचे का टिकत असे ते मला कधी समजले नाही.