पुन्हा रिकिबीत पाय : जिवाभावाच्या माणसासोबत घोड्यावर परतलेल्यांचे अनुभव

पर्वरीहून

मागच्या नोव्हेंबरात मी १४ वर्षांनी घोड्यावर बसले. पुण्यात शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत मी आणि माझी मैत्रीण एकत्र शिकलो, पहाटे एकाच स्कूटीवरून तबेल्यात जायचो. मग नोकऱ्या, लग्नं, माझं गोव्यात येणं. ती गेल्या वर्षी बदली होऊन म्हापशाला आली आणि पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आधी तिने विचारलं, "इथे घोडे कुठे आहेत गं?"

पेडणे तालुक्यात एक छोटा तबेला सापडला. घोड्याच्या डाव्या खांद्यापाशी उभी राहिले आणि हात आपसूक आयाळीकडे गेला. तेवढं अंगात टिकलं होतं. दहा मिनिटं नुसती चाल झाल्यावर ती मागून म्हणाली, "थांब, तंग बघ." खोगीर कसताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात. थोडं चाललं की तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, ढिला पडतो, म्हणून तो पुन्हा आवळायचा असतो. पूर्वी तिचा तंग मी बघायचे, माझा ती. ती खाली उतरली, माझ्या तंगाखाली बोटं घालून पाहिली आणि दोन भोकं आवळला. माझे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत माझी काळजी करणारी माणसं पुष्कळ होती, पण "तंग बघ" म्हणणारं कुणी नव्हतं.

दुडकीने मात्र परीक्षा घेतली. दुडकीत घोड्याचे तिरप्या जोडीतले पाय एकदम पडतात, एक-दोन, एक-दोन, आणि स्वाराने एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. मी प्रत्येक वेळी अर्ध्या ठोक्याने उशिरा. ती मागून "वर, खाली, वर, खाली" म्हणत राहिली आणि तिसऱ्या फेरीला अचानक जमलं. नंतरचे तीन दिवस मांड्या अशा भरल्या होत्या की जिन्यावरून कठडा धरून उतरत होते.

तुमच्यापैकी असं कोण परतलंय? किती वर्षांनी, कुणासोबत? पडलेल्यांनी, घाबरलेल्यांनी तर नक्की लिहा.

वाळपईहून

माझा पहिला घोडा लाकडाचा. सत्तरी तालुक्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. शिगम्यात घोडेमोडणी असते, कमरेला घोड्याचं तोंड बांधायचं, हातात तलवार आणि ढोल-ताशावर नाचायचं. मी आणि माझा मित्र १६-१७ वर्षांचे असल्यापासून एकाच रांगेत नाचलो. खरा घोडा मला नंतर मिळाला, महाराष्ट्रात शिकताना, एनसीसीच्या घोडदळ तुकडीत. दोन वर्षं रोज घोड्यांचं अंग घासून खरारा केला, लीद उपसली, परेडला बसलो. गावी परतल्यावर ते सगळं संपलं. २१ वर्षं.

मित्र इतिहास शिकवतो. घोड्यावर तो कधीच बसला नव्हता. गेल्या हिवाळ्यात त्यानेच हट्ट धरला. म्हणाला, "अरबस्तानातले, इराणातले घोडे समुद्रातून गोव्याला उतरत आणि इथून घाट चढून विजयनगरला जात. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा घोड्यांचा हा व्यापारही त्यांना मुठीत हवा होता. हे मी दर वर्षी मुलांना सांगतो आणि घोड्याचा वास कसा असतो तेसुद्धा मला माहीत नाही."

तर मी त्याच्यासाठी गेलो. त्याला चढवलं, रिकिबीची लांबी बसवून दिली, टाचा खाली दाबायला सांगितल्या. मग माझा घोडा आणला. कँटरला, म्हणजे दुडकीहून वेगवान चालीला, घेतल्यावर तीन ठोक्यांची ती लय पाठीच्या कण्यातून वर आली आणि मला ढोल ऐकू यायला लागला, खरंच. घोडेमोडणीत पाय आपले असतात, दम आपला लागतो. इथे ती ताकद दुसऱ्या जिवाची, आणि तो ती आपल्याला उसनी देतो. मित्र परत येताना काही बोलला नाही. घरी पोचल्यावर शर्टाची बाही नाकाला लावून बसला होता.

मडगावहून

मी पडलेल्यांपैकी. २०१७ साली वाटेवर निळी ताडपत्री वाऱ्याने फडफडली, घोडा बाजूला उडाला आणि माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड सहा आठवड्यांत जुळलं. भीती राहिली ती सहा वर्षं.

माझी मैत्रीण मडगावचीच, लहानपणापासूनची, घरी कोंकणी बोलणारी. स्वतः उत्तम बसते, पण माझ्यासाठी तीन रविवार ती घोड्यावर चढलीच नाही. पहिल्या रविवारी आम्ही फक्त खरारा केला. तिने मला घोड्याभोवती फिरवून त्याची नजर समजावली: त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि अगदी शेपटीमागचं नाही. म्हणून मागून जाताना पाठीवर हात ठेवून बोलत जायचं. कळपात जगणारा, पळून जीव वाचवणारा प्राणी आहे तो. ताडपत्रीला भ्यायला म्हणजे माझ्याशी दगा केला असं नव्हे. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर त्या घोड्यावर मी इतकी वर्षं मनात राग धरला नसता.

दुसऱ्या रविवारी बसले. दोर तिच्या हातात. घोडा चार पावलं चालला आणि थांबला, पुन्हा चार पावलं आणि थांबला. "तू श्वास धरून बसलीयेस, म्हणून तो थांबतोय. भियेनाका गो," ती म्हणाली. पण सांगून श्वास सुटतो का? मग तिने मला एकोणिसचा पाढा म्हणायला लावला, मोठ्याने. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस. पाढा म्हणताना श्वास धरताच येत नाही. सत्तावन्नला घोडा चालू लागला. एकशे नव्वदपर्यंत आमची मैदानाची अर्धी फेरी झाली होती. तिसऱ्या रविवारी दोर सोडला, पण ती शेजारून चालत होती. चौथ्या रविवारी ती तिच्या घोड्यावर, मी माझ्या.

आजही वाऱ्यात काही फडफडलं की मी मनात एकोणिसपासून सुरू करते.

हरमलहून

थोडक्यात लिहितो. मित्र नऊ वर्षांनी आखातातून आला, आम्ही सकाळी किनाऱ्याला गेलो. कोरड्या भुसभुशीत वाळूत घोड्याच्या पायांच्या स्नायुबंधांवर ताण येतो, म्हणून पाण्यालगतच्या घट्ट ओल्या वाळूवरून. मोरजीकडे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, ती राखलेली जागा आम्ही मुद्दाम टाळली. भरधाव सोडायचं कधीपासून ठरवलं होतं.

त्याआधीच, पक्क्या रस्त्यावर मित्र म्हणाला, "तुझ्या घोड्याच्या टापा ऐक." मला काही कळेना. त्याने माझा घोडा दुडकीत पुढे न्यायला लावला आणि मागून बघितलं. एक पुढचा पाय टेकताना घोडा दर वेळी मान वर करत होता. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून असं करतात. लगेच उतरलो. खुरात खडा रुतलेला होता. काढला, पण बसलो नाही. दोघेही घोडे हातात धरून दीड तास चालत परतलो. नऊ वर्षांत तो एकदाही घोड्याजवळ गेला नव्हता, तरी त्याचा कान शाबूत होता. मला त्याचा फार अभिमान वाटला.

डिचोलीहून

माझं आणि माझ्या मैत्रिणीचं परतणं जूनमध्ये झालं, म्हणजे चुकीच्या वेळी. मैदानात घोटाभर चिखल. मग बसणं बाजूला ठेवून आम्ही पूर्ण पावसाळा खूर साफ करायला जात होतो. सतत ओल्यात उभं राहिलं की खुराच्या खाचांत काळा, कुजका वास येणारा संसर्ग होतो. रोज खरवडून काढायचं, पुसून कोरडं करायचं, खाली कोरडा भुसा घालायचा. ऑक्टोबरात पहिल्यांदा खोगीर चढवलं तेव्हा त्या घोडीने आमचा आवाज ऐकून मान बाहेर काढली. वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी तासाचे पैसे देऊन घोडे घेतले होते, एकाही घोड्याचा खूर हातात धरला नव्हता.

पणजीहून

वय ५८. मूळचा बेळगाव भागातला. लहानपणी वडील वारीला नेत, आणि अंकलीहून आळंदीला जाणारे माउलींचे अश्व आम्ही वाटेत बघायचो. रिंगणात एका अश्वावर स्वार असतो आणि दुसऱ्यावर कुणीच नसतं, तो माउलींचा. त्या रिकाम्या पाठीकडे बघून मला घोड्याचं वेड लागलं. तरुणपणी शिकलो, मग २६ वर्षं खंड.

मित्र आणि मी तबेल्यात गेलो. तिथल्या बाईंनी माझं वजन विचारलं. ९२ किलो. त्यांनी शांतपणे नाही म्हटलं. घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाहून जास्त भार, खोगिरासकट, त्या चढू देत नाहीत. त्यांचा मोठ्यात मोठा घोडा ४५० किलोचा. म्हणजे ९०, त्यातून खोगीर वजा. हिशेब मला तिथेच पटला. मित्र ७० किलोचा, त्याला बसता आलं असतं. तो म्हणाला, "दोघे बसू तेव्हाच बसू."

नऊ महिने आम्ही रोज पहाटे मिरामारला चाललो. पावसात छत्री घेऊन चाललो. रात्रीचा भात मी सोडला, सोबत म्हणून त्यानेही सोडला, ज्याची त्याला काहीच गरज नव्हती. जानेवारीत ८१ वर आलो. बाईंनी पुन्हा काट्यावर उभं केलं आणि घोडा बाहेर काढला. चढायला त्यांनी लाकडी पायऱ्या ठेवल्या होत्या, त्यामुळे घोड्याच्या पाठीला हिसका बसत नाही. वीस मिनिटं, नुसती चाल. मित्र दुसऱ्या घोड्यावर माझ्या डाव्या हाताला. उतरलो तर गुडघे धरेनात, त्याने काखेत हात घालून उभं केलं. आम्ही दोघांनी घोड्याच्या खुराखालची माती कपाळाला लावली, जशी लहानपणी रिंगणात लावायचो.

आता दर रविवारी जातो. दुडकीला अजून परवानगी मिळालेली नाही.