परतायचं ठरलंय, पण राहायचं कुठे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. 11 वर्षं परदेशात काढून आम्ही कायमचं परत येतोय. 'परतायचं का' हे भांडण मिटलं, आता 'कुठे' यावरून सुरू झालंय!

आईबाबा राहतात ते शहर लहान. दोघांची सत्तरी उलटली आहे, त्यामुळे जवळ राहायची ओढ आहेच, पण नवऱ्याच्या क्षेत्रातलं काम तिथे जवळजवळ नाही. मोठ्या शहरात काम मिळेल, पण आईबाबा 5 तासांवर. अपरात्री फोन आला तर?

खरी अडचण मुलीची. धाकटा 6 वर्षांचा, तो कुठेही रुळेल. मोठी 15 वर्षांची, मराठी बोलते पण वाचताना अडखळते. तिला आयबी डिप्लोमा (अकरावी-बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) करायचाय. तो 2 वर्षांचा असतो आणि मध्येच शाळा बदलणं अवघड, कारण नव्या शाळेत तेच विषय त्याच पातळीवर असावे लागतात. म्हणजे तोवर हलता येणार नाही. (देश सोडला तेव्हा ती जेमतेम 4 वर्षांची, त्यामुळे म्हणते, "तुम्ही परत चाललाय, माझ्यासाठी हे पहिल्यांदाच जाण्यासारखं आहे." यावर काय बोलणार!)

घर लगेच घ्यायचं नाही, वर्षभर भाड्याने राहायचं, एवढ्यावर एकमत आहे.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: लहान शहरातून परदेशी कंपनीचं काम करणं टिकतं का, की रात्रीची झोप जाते? आणि या वयाच्या मुलांना मैत्र जुळायला किती वेळ लागला?