होम्सचं शेवटचं पुस्तक इतकं फिकं का?

वाचनवेडा: 'द केस-बुक ऑफ शेरलॉक होम्स' (1927) संपवलं आणि पार हिरमोड झाला. त्यातल्या 'मॅझरिन स्टोन' कथेत तर्क कुठे आहे? होम्स मेणाच्या पुतळ्याच्या जागी स्वतः बसतो, चोरांचं बोलणं ऐकतो आणि हिरा हिसकावतो. झालं!

धुकंलंडन: ती कथा मुळात होम्सचा लेखक डॉयल याच्याच एकांकिकेवरून बेतलेली आहे. म्हणून जवळजवळ सगळं एकाच खोलीत घडतं आणि निवेदक नेहमीसारखा होम्सचा मित्र वॉटसन नाही. खरी गोची तिथेच आहे. एरवी वॉटसनला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, त्यामुळे उत्तर प्रामाणिकपणे लपून राहतं. 'ब्लँच्ड सोल्जर' आणि 'लायन्स मेन' या कथा तर होम्स स्वतः सांगतो. मग माहीत असलेलं उत्तर त्याला उगाच दडवून ठेवावं लागतं.

शेर्लोकप्रेमी: सहमत, पण अख्खं पुस्तक मोडीत काढू नका. 'थॉर ब्रिज' पुन्हा, सावकाश वाचा. पुलाच्या दगडी कठड्याला खालच्या कडेला उडालेला ताजा टवका होम्स आधी दाखवतो, मग वॉटसनचंच रिव्हॉल्व्हर, दोरी आणि दगड घेऊन प्रयोग करतो. धागा वाचकाच्या हातात असतो, हे महत्त्वाचं.

'थ्री गॅरिडेब्स'ची युक्ती मात्र 'रेड-हेडेड लीग' या जुन्या होम्सकथेचीच: माणसाला काहीतरी आमिष दाखवून घराबाहेर काढायचं. तरी वॉटसनला गोळी लागल्यावरचा होम्स चुकवू नका. 'क्रीपिंग मॅन' खुशाल सोडा, माकडाच्या सीरमवर रहस्य उभं राहत नाही.

आणि 1892चा होम्सकथांचा पहिला संग्रह 'अ‍ॅडव्हेंचर्स' वाचला नसेल तर आधी तोच घ्या.