मदत हवी आहे: लिनक्समध्ये दर बूटला वेगळीच डिस्क माउंट होते (जोडली जाते)

निळाकर्सर: डेटाची डिस्क एफएसटॅबमध्ये (बूटला कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) एसडीबी१ अशी लिहिली होती. नवी डिस्क लावल्यापासून काल सेव्ह केलेल्या फायली आज गायब, रीबूट केलं की परत हजर! जो तो 'यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळखक्रमांक) वापरा' सांगतो, तेही केलं. ढिम्म फरक नाही. लवकर सांगा, काम अडलंय.

टर्मिनलबुवा: एसडीए, एसडीबी ही नावं कर्नल डिस्क सापडतील तशी वाटतो, त्यांचा भरवसा नाहीच. पण यूयूआयडी देऊनही असं होतंय म्हणजे तुम्ही काहीतरी सांगितलेलं नाही. डिस्कची यादी देणारं 'एलएसबीएलके -एफ' काय दाखवतं?

खटपट्या: ती ३६ अक्षरांची माळ वाचायची कोणी? लेबल (आपल्या आवडीचं नाव) द्या, मोकळे व्हा.

हौशी: विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. माझी एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम) डिस्क त्यानेच रीड-ओन्ली होत होती.

निळाकर्सर: एनटीएफएस कुठून आलं मध्येच? लिनक्सची ईएक्सटी४ आहे. बाकी दोन्ही डिस्कना एकच यूयूआयडी दिसतोय. असं असतं का?

टर्मिनलबुवा: नवी डिस्क भरलीत कशी?

निळाकर्सर: डीडी कमांडने, जुनीची हुबेहूब नक्कल, अख्खी डिस्क. त्याचा काय संबंध?

टर्मिनलबुवा: अहो, हे आधी सांगायचं ना! यूयूआयडी फाइलसिस्टिमच्या सुपरब्लॉकमध्येच (तिची स्वतःची माहिती असते तिथे) लिहिलेला असतो. डीडीने तोही जसाच्या तसा उतरवला. लेबल आणि पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) सुद्धा, त्यामुळे खटपट्यांचा उपाय इथे बाद. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमने जुळा यूयूआयडी बघून दुसरी डिस्क माउंट करायलाच नकार दिला असता. ईएक्सटी४ मुकाट्याने हाती लागेल ती देतं.

जुनाजाणता: म्हणून मी डिस्कचं बाय-आयडी नाव वापरतो. त्यात डिस्कचा सीरियल नंबर असतो, नक्कल कितीही करा.

खटपट्या: डिस्क यूएसबी केसमध्ये घालून बघा एकदा. काही केस स्वतःचाच सीरियल पुढे करतात. बसा शोधत!

जुनाजाणता: यूएसबीचा विषय कोणी काढला होता?

टर्मिनलबुवा: भांडण नंतर. निळाकर्सर, नवी डिस्क अनमाउंट करा, तपासणीसाठी 'ई२एफएससीके -एफ' चालवा, मग नव्या यूयूआयडीसाठी 'ट्यून२एफएस -यू रँडम'. दोन्ही वेळा पार्टिशन नवीच आहे ना, हे सीरियल बघून ठरवा, नावावरून नाही. एफएसटॅबमध्ये नोफेल (डिस्क नसली तरी बूट चालू ठेव) टाका, नाहीतर डिस्क काढलीत की बूट ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाईल.

निळाकर्सर: झालं! आता यूयूआयडी वेगळे आहेत, चार वेळा रीबूट केलं, तीच डिस्क येतेय. पण आठवडाभराच्या फायली निम्म्या जुनीवर, निम्म्या नवीवर आहेत. कुठली ताजी हे कसं कळणार?

टर्मिनलबुवा: फायली जुळवणारं आरसिंक आधी 'ड्राय-रन' (नुसती तालीम) आणि '-आय' लावून चालवा, फरकांची यादी मिळेल. एकच फाइल दोन्हीकडे बदलली असेल तर मात्र उघडूनच बघावी लागेल.

खटपट्या: आणि आता तरी लेबल द्या. एकीला 'जुनी', दुसरीला 'नवी'.