मदत हवी आहे: मालिकांमधून गेमच्या आवाजाकडे वळते आहे, घसा आणि करार दोन्ही कसे सांभाळू?

नमस्कार मंडळी,

धागा थोडा लांबेल, पण कृपया पूर्ण वाचून सांगा. सोमवारपर्यंत मला एका करारावर सही करायची की नाही ते ठरवायचं आहे.

मी नऊ वर्षं मराठी मालिकांमध्ये काम केलं. नायिकेची जाऊ, शेजारीण, शाळेतल्या बाई, एकदा खलनायिकेची धाकटी बहीण. मुलगी झाल्यावर बारा-तेरा तासांची शिफ्ट झेपेना, म्हणून डबिंगला लागले. दोन महिन्यांपूर्वी एका गेमसाठी आवाज द्यायला बोलावणं आलं. भूमिका एका लढवय्या बाईची. मी हरखून गेले होते, कारण हे काम मला मनापासून हवं होतं. का, ते आधी सांगते.

माझ्या धाकट्या भावाकडे 'द लास्ट ऑफ अस' हा गेम होता. तो खेळायचा आणि मी मागे बसून भाजी निवडत बघायचे. एली नावाची चौदा वर्षांची मुलगी, साथीच्या रोगानं उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेतून जोएल नावाच्या एका मध्यमवयीन माणसाबरोबर चाललेली. हिवाळ्याच्या भागात तिच्यावर जिवावरचा प्रसंग येतो आणि त्यातून सुटल्यावर ती जोएलच्या कुशीत कोसळते. तिथे शब्द जवळजवळ नाहीतच. श्वास आत ओढताना आवाज चिरतो, पुन्हा सावरतो, पुन्हा चिरतो. माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. हे कुणी केलंय, म्हणून शोधलं तेव्हा अ‍ॅशली जॉन्सन हे नाव कळलं.

तेव्हापासून मी तिच्या कामाचा माग ठेवते. ती १९८३ साली जन्मलेली. 'ग्रोइंग पेन्स' या अमेरिकन मालिकेच्या शेवटच्या दोन पर्वांत, १९९० ते १९९२, ती घरातली शेंडेफळ क्रिसी होती. (लेखकांनी तान्ही क्रिसी एका पर्वातून दुसऱ्या पर्वात जाताना एकदम सहा वर्षांची करून टाकली होती. आपल्याकडच्या मालिकांची लीप आठवली ना?) मग २००० साली 'व्हॉट विमेन वॉन्ट' या चित्रपटात मेल गिब्सनची मुलगी. आणि २०१३ साली एली. त्या कामासाठी २०१४ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचा गेममधल्या अभिनयाचा पुरस्कार, लगेच २०१५ मध्ये 'लेफ्ट बिहाइंड' या त्याच गेमच्या जोडभागासाठी पुन्हा तोच.

एली ही नुसत्या आवाजाची भूमिका नव्हती. अंगाला खुणांचे ठिपके लावलेला घट्ट पोशाख आणि जोएल करणाऱ्या ट्रॉय बेकरबरोबर प्रत्यक्ष समोरासमोर अभिनय. एलीला लढता यायला हवं, ती स्वतंत्र वृत्तीची हवी, हा आग्रहही जॉन्सनचाच होता आणि लेखक नील ड्रकमन यांनी तो मानला. नटीच्या सांगण्यावरून पात्र बदलतं, याचं मला फार अप्रूप वाटलं. आम्हाला सेटवर त्याच दिवशीची पानं मिळायची.

आता माझी अडचण. स्टुडिओत गेले तर समोर पात्र नाही, प्रसंग नाही, फक्त एक्सेलचा तक्ता. 'उंचावरून पडते.' 'पाण्यात बुडते, तीन प्रकार.' 'पेटते, लांब.' 'गळा दाबला जातो.' एकशे चाळीस ओळी, प्रत्येकीचे तीन टेक, सलग चार तास. 'पेटते, लांब'च्या दुसऱ्या टेकला घशात काहीतरी ओरखडल्यासारखं झालं. मी पाणी प्यायले आणि तिसरा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला उठवायला हाक मारली तर नुसती हवा बाहेर आली. तीन आठवडे झाले, अजून वरचे स्वर लागत नाहीत. स्टुडिओचं नाव सांगणार नाही, त्यांनी काही मुद्दाम केलं नाही. पण मला कुणी आधी सांगितलंही नाही.

त्यात आता पुढच्या कामाचा करार आलाय. त्यात 'ध्वनिमुद्रणाचा वापर आज उपलब्ध असलेल्या वा भविष्यात येणाऱ्या कोणत्याही तंत्रज्ञानासाठी करता येईल' असं वाक्य आहे. म्हणजे उद्या माझ्या आवाजाची नक्कल मशीन बोलेल का? सासूबाई म्हणतात, 'पडद्यावर दिसत होतीस ते बरं होतं, आता नुसता आवाज विकतेस.' त्यांना दुखवायचं नाही, पण ते शब्द मनातून जात नाहीत.

घसा, करार आणि या कामात नीट कसं शिरायचं, यातलं जे माहीत असेल ते सांगा.

ध्वनिवेडा

ताई, आधी एक दुरुस्ती, कारण तिच्यातच तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. अ‍ॅशली जॉन्सन टीव्हीवरून गेमकडे 'वळली' असं तुम्ही धरून चालला आहात. 'रिसेस' या कार्टून मालिकेतली चष्मेवाली हुशार ग्रेचेन तिनंच केलीय, १९९७ पासून. 'टीन टायटन्स'मधली टेराही तीच. म्हणजे एली मिळाली तेव्हा माइकसमोर उभं राहण्याची कितीतरी वर्षांची सवय गाठीशी होती. आणि टीव्ही तिनं सोडला कुठे? 'ब्लाइंडस्पॉट'मध्ये २०१५ ते २०२० ती पॅटरसन होती. त्याच काळात 'क्रिटिकल रोल' या इंटरनेटवरच्या कार्यक्रमात मित्रांबरोबर फासे टाकून भूमिका वठवायचा खेळ प्रेक्षकांसमोर खेळत होती, चित्रीकरणासाठी न्यूयॉर्कला असली की व्हिडिओ कॉलवरून. त्या टेबलावरचे बहुतेक सगळे आवाजाचेच कलाकार. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागातली अ‍ॅबी करणारी लॉरा बेलीसुद्धा त्यांतलीच.

तेव्हा डबिंग चालू ठेवा, जमेल तेव्हा मालिकेतलं छोटं कामही घ्या. एक दार बंद करून दुसरं उघडायची गरज नाही. नमुन्याची फीत करताना चार वेगळ्या वयांचे आवाज भरू नका. एकच बाई घाबरलेली, दमलेली, खोटं बोलणारी, हसू दाबणारी अशी दोन मिनिटांत ऐकवा. गेमवाले तेच शोधतात. पुण्यातही गेम बनतात, 'राजी' हा २०२० सालचा गेम तिथलाच आणि त्याची सगळी कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडते. आपल्या उच्चारांना तिथे मोल आहे.

कंठाळी

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. तीन आठवडे आवाज बसलेला असेल तर उद्याच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि दुर्बिणीतून स्वरतंतू बघायला सांगा. लांबवू नका. मधल्या काळात कुजबुजून बोलू नका, बऱ्याच जणांचा घसा त्यानं उलट जास्त ताणला जातो. बोलायचंच तर हळू, पण खऱ्या आवाजात. वारंवार खाकरणं टाळा. तिखटजाळ जेवून लगेच आडवं होऊ नका, आम्ल वर आलं की तंतू सुजतात. तंतू बरे आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं की मग पेल्यातल्या पाण्यात नळी बुडवून तिच्यातून गुणगुणण्याचा व्यायाम करा. नाटकातले लोकही करतात.

आणि ओरखडल्यासारखं वाटलं तेव्हाच थांबायला हवं होतं. रागावून नाही सांगत. पुढच्या वेळी थांबाल म्हणून सांगते.

वाळवंटातला वकील

कराराबद्दल. तुम्ही ज्या दोन गोष्टींनी हैराण आहात, त्याच दोन गोष्टींसाठी अमेरिकेतले गेमचे कलाकार दोनदा संपावर गेले. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालेला संप जवळपास अकरा महिने चालला. घसा ताणणारं ध्वनिमुद्रण दोन तासांपेक्षा जास्त नको आणि कशासाठी बोलतोय ते आधी सांगा, या त्यातल्या मागण्या होत्या. दुसरा संप जुलै २०२४ मध्ये, कृत्रिम बुद्धिमत्तेनं आवाजाची नक्कल करण्याविरुद्ध. तो २०२५ मध्ये मिटला तेव्हा नकलेसाठी कलाकाराची संमती घेणं करारात आलं. तेव्हा चार तास किंचाळायला नकार देणं म्हणजे नखरे नव्हेत, हे आधी मनातून पक्कं करा.

आपल्याकडे प्रतिलिपी अधिकार (कॉपीराइट) कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलाकारांचे हक्क ३८, ३८अ आणि ३८ब या कलमांत आहेत. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्रानं नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम आदेशही दिला. पण प्रसिद्ध गायकाची गोष्ट वेगळी आणि तुमची सही केलेली ओळ वेगळी. ते वाक्य खोडायला सांगा आणि त्याजागी लिहून घ्या: 'ध्वनिमुद्रण याच गेमसाठी वापरले जाईल, त्यावरून कृत्रिम आवाज तयार करायचा झाल्यास लेखी परवानगी आणि वेगळे मानधन आवश्यक.' विनंतीच्या सुरात मेल करा, फोनवर बोलू नका. कागद मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, पाहून देतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलदादा, कागद पाठवलाय. मेलही काल गेला, उत्तर आलं नाही, पण सोमवारी सही करणार नाही एवढं ठरलं.

डॉक्टरांकडे जाऊन आले. डाव्या तंतूवर सूज आहे, गाठ नाही. दहा दिवस कमीत कमी बोलायचं. घरात पाटी घेऊन फिरते आहे, मुलीला फार मजा वाटते. काल रात्री सासूबाईंना मोबाइलवर तो हिवाळ्याचा प्रसंग दाखवला. इंग्रजी त्यांना कळत नाही. संपल्यावर त्यांनी विचारलं, 'ही पोर कोण?' मी पाटीवर लिहिलं, 'नुसता आवाज आणि अंग. चेहरा दुसराच.' त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.

एकच राहिलं. पडण्या-बुडण्याच्या ओळी सुरुवातीला नको, असं स्टुडिओतल्या इंजिनिअरला कोणत्या शब्दांत सांगायचं?

ध्वनिवेडा

'एफर्ट्स' म्हणा. 'आधी संवाद, एफर्ट्स शेवटी, आणि दोन तासांवर असतील तर वेगळ्या दिवशी.' लगेच समजतील.