मदत हवी आहे : कोविडनंतरचा विसराळूपणा, कोणाकडे जावं?

नमस्कार मंडळी. एप्रिल २०२१ च्या लाटेत मला कोविड झाला. ऑक्सिजन लागला नाही, घरीच बरी झाले. पण डोकं काही पूर्वीसारखं चालत नाही. मी पतसंस्थेत हिशेब बघते. वीस वर्षं आकडे तोंडपाठ असायचे, आता एकच रकाना तीनदा बेरजेला घेते. बोलता बोलता साधा शब्द अडतो. परवा 'किसणी' आठवेना, सुनेला हातवारे करून दाखवलं! (ती हसली, मला मात्र रडू आलं.)

बी-१२, थायरॉइड, साखर सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, "वय झालं, टेन्शन घेऊ नका." वय ५२ आहे हो! २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या मेंदूच्या स्कॅनच्या अभ्यासात सौम्य कोविडनंतरही वासाशी संबंधित भागांत बदल दिसले होते, म्हणजे हे निव्वळ मनाचे खेळ नसावेत.

न्यूरोलॉजिस्ट की मानसोपचारतज्ज्ञ, आधी कोणाकडे जाऊ? स्मरणशक्तीची सविस्तर चाचणी नाशिक-पुण्यात कोणी करून घेतली आहे का, आणि खर्च किती आला? जास्त दमलं की दुसऱ्या दिवशी डोकं अगदीच बंद पडतं, असं आणखी कोणाला होतं का? काढे-चूर्णं कृपया सुचवू नका, घरात बरण्या भरल्यात.